जीव वाचला, पुढच्या वर्षाचं काय? ओपिऑइड ओव्हरडोसवर संशोधन करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
ओपिऑइड ओव्हरडोसच्या उपचारांवर संशोधन करणारे, त्या संशोधनाला पैसा देणारे, नव्या औषधांना मंजुरी देणारे आणि डॉक्टरांसाठी मार्गदर्शक सूचना लिहिणारे, या सर्वांस

सविनय नमस्कार.

हे पत्र तुम्हा चौघांना मिळून लिहिते आहे, कारण एकेकट्याला विचारलं की उत्तर दुसऱ्याच्या दारात जातं. संशोधक म्हणतात निधी मिळत नाही. निधी देणारे म्हणतात तसा प्रस्तावच आला नाही. मंजुरी देणारे समोर आलेली कागदपत्रं पाहतात, आणि सूचना लिहिणारे म्हणतात की पुरेसा पुरावा नाही, म्हणून शिफारस करता येत नाही. पुरावा का नाही, याची जबाबदारी मात्र कुणाचीच नसते.

लिहायला कारण झालं ते गेल्या काही वर्षांतल्या मंजुऱ्यांचं. ओपिऑइड म्हणजे मॉर्फिन, हेरॉइन यांच्यासारखी अफूच्या जातीची औषधं. त्यांची मात्रा जास्त झाली की श्वास मंदावतो, आणि तो परत आणणारा उतारा म्हणजे नॅलोक्सोन. नाकात फवारायच्या नॅलोक्सोनची मात्रा आधी 4 मिलिग्रॅम होती. 2021 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने 8 मिलिग्रॅमच्या फवाऱ्याला परवानगी दिली. 2023 मध्ये नाल्मेफिन या जास्त काळ टिकणाऱ्या उताऱ्याचा फवारा आला आणि 2024 मध्ये त्याचंच स्वयंचलित इंजेक्शन. नाल्मेफिनच्या फवाऱ्याची मंजुरी मुख्यतः निरोगी स्वयंसेवकांवर केलेल्या अभ्यासांवर उभी होती. खरोखर ओव्हरडोस होऊन श्वास मंदावलेल्या माणसांमध्ये हा फवारा आणि नॅलोक्सोनचा फवारा समोरासमोर ठेवून तपासले गेले नव्हते. माणसाला अधिक जोरात कसं जागं करता येईल यावर एवढी मेहनत होते. तो मुळात बेशुद्ध का पडला, आणि शुद्धीवर आल्यावर पुढचं वर्ष तो जगेल का, हे प्रश्न तुमच्या यादीत इतके खाली का आहेत, हे मला विचारायचं आहे.

विचारण्याचा माझा अधिकार एवढाच, की माझे मोठे भाऊ या संशोधनाच्या बरोबर मधल्या फटीत सापडले.

दादांना बरीच वर्षं मधुमेह आहे. त्यातून किडन्या गेल्या आणि पायांच्या नसाही गेल्या. ज्याला नसांचं दुखणं आहे त्यालाच कळतं की पायावर चादरही सहन न होणं म्हणजे काय. त्यांना मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या, जोडीला नसांच्या दुखण्यावरचं गॅबापेंटिन. दोन्ही डॉक्टरांनी लिहून दिलेली, दोन्ही नेमून दिलेल्या वेळेला घेतलेली. मग एकदा ताप आणि उलट्यांनी त्यांच्या अंगातलं पाणी कमी झालं, किडन्यांचं उरलंसुरलं काम मंदावलं, आणि रोजचीच मात्रा त्यांना जास्त झाली. ते हाकेला ओ देईनात. श्वास इतक्या अंतराने येत होता की मी दोन श्वासांच्या मध्ये मोजत होते. रुग्णवाहिकेतल्या माणसाने नॅलोक्सोन दिलं आणि दादांनी डोळे उघडले. त्या औषधाबद्दल आणि ते देणाऱ्या हाताबद्दल माझ्या मनात जे आहे ते या पत्रात मावणार नाही, म्हणून पुढची टीका वाचताना एवढं लक्षात ठेवा की ती कृतज्ञ माणसाने केलेली आहे.

रुग्णालयात पोचल्यावर ते पुन्हा झोपेत गेले. तिथे कुणीतरी म्हणालं, असं सहसा होत नाही. पण दादांच्या बाबतीत तेच होणार होतं. मॉर्फिनचं यकृतात रूपांतर होतं आणि त्यातून मॉर्फिन-6-ग्लुक्युरोनाइड हा घटक तयार होतो. तो स्वतः प्रभावी असतो, श्वास मंदावण्याची ताकद त्याच्यातही असते आणि तो बाहेर पडतो किडनीवाटे. किडनी थकलेली असेल तर तो रक्तात साचत राहतो. गॅबापेंटिनही किडनीवाटेच जातं. उलट नॅलोक्सोनचा परिणाम साधारण 30 ते 90 मिनिटं टिकतो. म्हणजे उतारा आधी ओसरतो आणि विष मागे राहतं. ही माहिती औषधशास्त्राच्या पुस्तकात आहे, ती नवी नाही. तरी अशा रुग्णाला उतारा किती द्यायचा, सलाइनमधून किती वेळ चालू ठेवायचा, किती तास नजरेखाली ठेवायचा, हे ठरवताना माझ्यासमोर अनुभवी माणसं एकमेकांकडे पाहत होती. मी त्यांना दोष देत नाही. त्यांना उत्तर द्यायचं काम तुमचं होतं.

शेजारच्या खाटेवर एक तरुण मुलगा होता. त्याचा ओव्हरडोस हेरॉइनचा. दादांकडे येणारे लोक हळहळत, त्याच्याकडे पाहून मान फिरवत. पण दोघांना मिळालेला उपचार मी शेजारी बसून पाहिला आणि तो जवळजवळ सारखाच होता. उतारा, काही तास देखरेख, घरी पाठवणी. त्या मुलाच्या हातात व्यसनमुक्ती केंद्राचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी दिली. दादांच्या हातात दिलेल्या कागदावर मॉर्फिन बंद, असं लिहिलं होतं. वर्षानुवर्षं रोज घेतलेलं औषध एका ओळीत बंद. दुखण्यासाठी पर्याय काय, कमी कसं करायचं, पुन्हा असं झालं तर घरात काय ठेवायचं, यातलं काहीही नव्हतं. त्या रुग्णालयाचं नाव लिहून मला काही साधायचं नाही. जे तिथे झालं ते कुठेही होऊ शकतं, कारण त्या डॉक्टरांपुढे दुसरा लिखित मार्गच नव्हता.

आता तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली तक्रार ताकदीच्या शर्यतीबद्दल. फेंटानिल हे प्रयोगशाळेत बनवलेलं ओपिऑइड फार जालीम आहे, म्हणून उतारा त्याहून जालीम हवा, हा तर्क ऐकायला बरोबर वाटतो. त्याची प्रत्यक्ष परीक्षा न्यूयॉर्क राज्यात झाली. मार्च 2022 ते ऑगस्ट 2023 या काळात तिथल्या राज्य पोलिसांनी काही ठिकाणी 4 आणि काही ठिकाणी 8 मिलिग्रॅमचे फवारे वापरले. जगण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. सरासरी किती फवारे लागले, यातही फरक नव्हता. फरक पडला तो त्रासात. उलट्यांसकट विथड्रॉवलची, म्हणजे सवयीचं औषध शरीरातून एकदम तुटल्यावर होणाऱ्या त्रासाची, लक्षणं 4 मिलिग्रॅम मिळालेल्यांत 19.4 टक्के, तर 8 मिलिग्रॅम मिळालेल्यांत 37.6 टक्के दिसली. नाल्मेफिनबद्दल तर अमेरिकेतल्या विषवैद्यकाच्या तज्ज्ञ संघटनांनी 2023 मध्येच सांगितलं होतं की सध्या त्याने नॅलोक्सोनची जागा घेऊ नये. ओपिऑइडची सवय असलेल्या शरीराला एका झटक्यात कोरडं केलं की रक्तदाब आणि हृदयाचे ठोके उसळतात, उलटी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका असतो, आणि नाल्मेफिनमुळे हा छळ तासन्‌तास लांबू शकतो. तरुण आणि धडधाकट माणूस यातून निभावून नेईल. ज्याचं हृदय आधीच कमकुवत आहे त्याचं काय? शिवाय ज्याने एकदा हा छळ भोगला तो पुढच्या वेळी मदत बोलवायला कचरतो, आणि तेव्हा कितीही मिलिग्रॅमचा फवारा असला तरी तो फवारायला शेजारी कुणी नसतं.

जास्त काळ टिकणारा उतारा दादांसारख्यांना उपयोगी पडेलही. साचलेल्या मॉर्फिनसाठी कदाचित तोच हवा असेल. पण कदाचित या शब्दावर एखाद्याचा श्वास टांगू नये. थकलेल्या किडनीच्या रुग्णांमध्ये तो नीट तपासा आणि मग सांगा. मी नव्या औषधाच्या विरोधात नाही, न तपासता केलेल्या घाईच्या विरोधात आहे.

दुसरी तक्रार माझ्या मते सगळ्यात मोठी आहे, म्हणून तिच्यावर जास्त लिहिते. तुमची मोजणी फार लवकर थांबते.

उताऱ्यांच्या अभ्यासात यश म्हणजे काय? श्वास परत आला, रुग्ण रुग्णालयात जिवंत पोचला. पण धोका तिथे संपत नाही, हे तुमच्यापैकीच काहींनी सिद्ध केलं आहे. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात ओव्हरडोसवर तातडीच्या विभागात उपचार घेऊन जिवंत घरी गेलेल्यांचा मागोवा घेतला गेला. त्यांच्यातले 5.5 टक्के लोक वर्षाच्या आत मरण पावले. मृतांपैकी साधारण पाचवा हिस्सा पहिल्या महिन्यातच गेला, आणि काही तर घरी पोचून दोन दिवसही झाले नव्हते. वाचलेल्या रुग्णासाठी पुढचा महिना इतका धोक्याचा असेल, तर तो महिना उपचाराचाच भाग आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाला छातीतली कळ थांबली म्हणून गोळ्या न देता कुणी घरी पाठवत नाही.

आणि पुढच्या महिन्यात द्यायचं औषध अजून शोधायचं आहे, असंही नाही. त्याच राज्यात ओव्हरडोसमधून वाचलेल्या 17,568 प्रौढांचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. ओपिऑइडच्या व्यसनावर मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही दोन औषधं दिली जातात. मेथाडोन घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण 59 टक्क्यांनी आणि ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्यांत 38 टक्क्यांनी कमी आढळलं. पुढच्या बारा महिन्यांत व्यसनावरचं कोणतंही औषध मिळालं ते मात्र दहांतल्या साधारण तिघांना. उरलेल्या सातांच्या हातात काय पडलं असेल ते मी शेजारच्या खाटेवर पाहिलं आहे. मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही दोन्ही औषधं जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत 2005 पासून आहेत. 2015 मध्ये येल विद्यापीठाच्या संशोधकांनी तातडीच्या विभागातच ब्युप्रेनॉर्फिन सुरू करून पाहिलं. तीस दिवसांनी 78 टक्के लोक उपचारात टिकून होते. ज्यांना फक्त पुढच्या केंद्राचा पत्ता दिला त्यांच्यात हे प्रमाण 37 टक्के होतं. त्या मुलाला दिलेली चिठ्ठी म्हणजे हाच दुसरा गट. कोणता मार्ग कमी कामाचा आहे हे सिद्ध झाल्यानंतरही तोच मार्ग चालू आहे.

अमली पदार्थांचं व्यसन हा मधुमेह, उच्च रक्तदाब, दमा यांच्यासारखाच दीर्घकालीन आजार आहे, औषध सुटलं की तो उलटतो आणि त्यावर वर्षानुवर्षं उपचार लागतात, ही मांडणी अमेरिकेच्या एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात 2000 साली झाली. तेव्हापासून तुमच्या प्रत्येक परिषदेत ती मान्य केली जाते. पण मान्य करणं आणि त्याप्रमाणे मोजणं यात अंतर आहे. मधुमेहाच्या औषधाची पारख कुणी पहिल्या तासाच्या साखरेवर करत नाही.

मोठ्या अभ्यासांचं महत्त्व मला कळतं. अमेरिकेच्या चार राज्यांतल्या 67 समुदायांत तुम्ही एक अवाढव्य प्रयोग केलात. नॅलोक्सोन वाटप, व्यसनावरची औषधं, सुरक्षित प्रिस्क्रिप्शन, सगळं एकत्र. 2024 मध्ये निकाल आला की ओव्हरडोसच्या मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही. अपयशाचा निकाल लपवला नाहीत, याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण मृत्यूंची तुलना ज्या वर्षावरून झाली ते सुरू झालं तेव्हा ठरलेल्या उपायांपैकी निम्मेही सुरू झालेले नव्हते. म्हणजे हे उपाय निरुपयोगी आहेत असा अर्थ त्यातून कुणी काढू नये, आणि पुढचा निधी कापायला त्याचा आधार घेऊ नये.

तिसरी तक्रार, ज्यांना जुने आजार आहेत त्यांना चाचण्यांच्या दारातच अडवलं जातं. कोण चालेल आणि कोण चालणार नाही याचे निकष वाचा. यकृताचा गंभीर आजार असेल तर नको, किडनीचा असेल तर नको, हृदयाच्या ठोक्यांत दोष असेल तर नको. दुखण्यासाठी ओपिऑइड चालू असेल तर अनेक ठिकाणी नकोच. प्रत्येक निकषामागे कारण असतं, रुग्णाची सुरक्षितता असते, हे मी समजू शकते. पण सगळे निकष एकत्र लावले की उरतो असा माणूस, जो प्रत्यक्षात ओव्हरडोस होणाऱ्यांमध्ये क्वचितच सापडेल. स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकणं, फुप्फुसांचा जुना आजार, थकलेली किडनी, थकलेलं यकृत, सोबत झोपेच्या किंवा नसांच्या गोळ्या. श्वास थांबण्याचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींची ही तुमचीच यादी आहे. अमेरिकेच्या नियामकाने ओपिऑइडसोबत बेंझोडायझेपिन या झोपेच्या व चिंतेवरच्या गोळ्या घेण्याबद्दल 2016 मध्ये आणि गॅबापेंटिनबद्दल 2019 मध्ये इशारे दिले. ज्यांच्यासाठी इशारा द्यावासा वाटतो त्यांनाच चाचणीतून वगळायचं, हे मला पटत नाही.

हे अशक्य आहे, असं कृपा करून म्हणू नका. मधुमेहामुळे किडनी बिघडलेल्या 3,533 रुग्णांवर सेमाग्लुटाइड या मधुमेहावरच्या औषधाची चाचणी झाली. 2024 मध्ये तिचा निकाल आला आणि किडनीच्या गंभीर घटनांचा धोका 24 टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. म्हणजे दादांच्याच प्रकारचे रुग्ण, हजारोंच्या संख्येने, वर्षानुवर्षं, एका शिस्तबद्ध चाचणीत सांभाळले गेले. ठरवलं तर होतं.

सेमाग्लुटाइडचं नाव निघालंच आहे तर एक आशेची गोष्टही सांगते. टाइप-2 मधुमेह आणि ओपिऑइडचं व्यसन हे दोन्ही असलेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांत ओव्हरडोसचं प्रमाण मधुमेहाची इतर औषधं घेणाऱ्यांपेक्षा कमी आढळलं. याच औषधगटावरच्या दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात हे प्रमाण 40 टक्क्यांनी कमी दिसलं. दोन्ही 2024 मधले. हे फक्त नोंदींचे अभ्यास आहेत. ज्याला महागडं, नवं औषध मिळतं त्याची एकूणच काळजी बरी घेतली जात असेल, त्यामुळेही फरक दिसू शकतो. म्हणून चिठ्ठ्या टाकून गट पाडणाऱ्या नीट चाचण्या हव्यात. जुनाट आजार आणि ओव्हरडोस या दोन गोष्टी एकाच शरीरात असतात, हे या आकड्यांनी पहिल्यांदाच अनेकांच्या लक्षात आणून दिलं. आम्ही घरात ते कधीपासून पाहतो आहोत.

चौथी तक्रार अचानक औषध तोडण्याबद्दल. दादांच्या कागदावरची ती ओळ लिहिणाऱ्याला वाटलं असेल, धोका औषधाचा होता, औषध काढलं, धोका गेला. अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेतल्या सुमारे 14 लाख रुग्णांचा अभ्यास 2020 मध्ये आला. ओपिऑइड बंद झाल्यानंतर ओव्हरडोसने किंवा आत्महत्येने मृत्यू येण्याचा धोका वाढतो, आणि औषध जितका जास्त काळ चालू होतं तितका तो जास्त वाढतो, असं त्यात आढळलं. त्याच्या एक वर्ष आधी, एप्रिल 2019 मध्ये, नियामकानेही सवय झालेल्या रुग्णाचं औषध एकदम तोडू नका असा इशारा दिला होता. दुखण्यासाठी ओपिऑइड लिहून देण्याबद्दलच्या 2016 च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांमधल्या मात्रेच्या आकड्याचा अनेकांनी लक्ष्मणरेषेसारखा अर्थ घेतला आणि 2022 मध्ये त्या सूचना सैल कराव्या लागल्या. सुधारणा केलीत हे चांगलं झालं. पण मधल्या सहा वर्षांत ज्यांची औषधं तुटली त्यांच्यापर्यंत ती पोचवायला कोण गेलं?

इथे मला प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. दुखण्यावर ओपिऑइड हाच उपाय आहे असं मी म्हणत नाही. 2018 मध्ये आलेल्या चाचणीत कंबर, गुडघा आणि खुब्याच्या जुन्या दुखण्यावर बारा महिन्यांनी ओपिऑइडचा गट इतर औषधांच्या गटापेक्षा सरस ठरला नाही. 2023 मध्ये ताज्या कंबरदुखी आणि मानदुखीवर ओपिऑइड आणि नुसती साखरेची गोळी यांच्यात फरक दिसला नाही. हे निकाल महत्त्वाचे आहेत, आणि नव्याने औषध सुरू करताना डॉक्टरांनी ते डोळ्यांसमोर ठेवावेत. जो वर्षानुवर्षं ते घेतो आहे त्याला एका दिवसात रिकाम्या हाताने उभं करण्याची मुभा मात्र यातून कुणाला मिळत नाही. पर्याय म्हणून ज्याची वाट पाहिली ते सुझेट्रिजिन, म्हणजे ओपिऑइड नसलेलं वेदनाशामक, जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, तेही फक्त तात्पुरत्या, तीव्र वेदनेसाठी. नसांच्या जुन्या दुखण्याचे रुग्ण अजून रांगेतच आहेत.

दादांना शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरांनी ब्युप्रेनॉर्फिनचा त्वचेवर चिकटवायचा पट्टा लावला. हे औषध दुखण्यावरही चालतं, मुख्यतः यकृतात निकामी होतं, किडनीवर अवलंबून राहत नाही, आणि श्वास मंदावण्याचा त्याचा परिणाम एका पातळीनंतर फारसा वाढत नाही. दादांना बरं आहे. चांगला उपाय मिळाला तो एका डॉक्टरांच्या वाचनामुळे आणि आमच्या नशिबामुळे, ही गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही.

पाचवी तक्रार लहान आहे. दादांना इतकी वर्षं मॉर्फिन लिहून दिलं गेलं, पण घरात नॅलोक्सोन ठेवा असं आम्हाला कुणीही सांगितलं नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या सहा दवाखान्यांत जुन्या दुखण्याच्या 1,985 रुग्णांचा अभ्यास 2016 मध्ये आला. ज्यांना ओपिऑइडसोबत नॅलोक्सोनही लिहून दिलं, त्यांच्या ओपिऑइडमुळे होणाऱ्या तातडीच्या विभागातल्या फेऱ्या सहा महिन्यांनी 47 टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. उतारा हातात देताना जे चार शब्द बोलले जातात, त्यांचाही यात वाटा असावा असं मला वाटतं. ते चार शब्द आम्हाला मिळाले नाहीत.

आणखी एक गोष्ट पैसा देणाऱ्यांसाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2019 मध्ये अमली पदार्थांशी निगडित सुमारे 6 लाख मृत्यू झाले. त्यांतले जवळपास 80 टक्के ओपिऑइडशी संबंधित होते. त्यांपैकी साधारण चौथा हिस्सा ओव्हरडोसचा होता. उरलेल्यांत हेपॅटायटिस सी आणि एचआयव्हीसारखे वर्षानुवर्षं पोखरणारे आजार आहेत. ओव्हरडोसचा निधी वेगळा आणि जुनाट आजारांचा निधी वेगळा, अशी तुमच्या दप्तरातली विभागणी रुग्णाच्या शरीरात नसते. आणि धोक्याच्या भीतीने मॉर्फिनच कुलपात ठेवणं हा उपाय नव्हे. 2010 ते 2013 या काळात जगभर वर्षाला सरासरी 298.5 टन मॉर्फिनइतकी ओपिऑइड वाटली गेली, आणि त्यातलं अत्यल्प उत्पन्नाच्या देशांना मिळालं 0.1 टन. तिथे लाखो माणसं वेदनेत मरतात. ओव्हरडोसच्या भीतीचा राग त्यांच्यावर निघू नये, असं मला वाटतं.

माझ्या मागण्या अशा.

ओव्हरडोसवरच्या प्रत्येक नव्या उपचाराच्या चाचणीत पहिल्या तासासोबत एका वर्षाचाही हिशेब ठेवा. कोण जिवंत आहे, कोण उपचारात टिकलं, कोणाला पुन्हा ओव्हरडोस झाला, हे मोजल्याशिवाय तो उपचार यशस्वी म्हणून जाहीर करू नका. किडनी, यकृत, हृदय आणि फुप्फुसांचे आजार असलेल्यांना वगळायचं असेल तर प्रत्येक वगळण्याचं कारण लेखी द्या, आणि त्यांच्यासाठी वेगळी चाचणी कधी होणार याची तारीखही द्या. नवा उतारा मंजूर करण्यापूर्वी तो नॅलोक्सोनच्या साध्या मात्रेशी खऱ्या रुग्णांमध्ये तपासा, आणि उपलब्ध असलेल्या उताऱ्यांमधली तुलना मंजुरीनंतर तरी सक्तीची करा.

सूचना लिहिणाऱ्यांनी तातडीच्या विभागातून घरी पाठवतानाचा किमान मजकूर ठरवावा. व्यसनाचा आजार असेल आणि रुग्णाची तयारी असेल तर ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन तिथेच सुरू व्हावं. दुखण्यासाठी ओपिऑइड घेणारा असेल तर पुढची मात्रा काय, कमी कशी करायची, पर्याय कोणता, कुणाला भेटायचं, हे कागदावर असावं. दोघांच्याही हातात नॅलोक्सोन असावं, आणि ते कसं वापरायचं हे घरातल्या एका माणसाला करून दाखवावं. किडनीच्या रुग्णाला ओपिऑइड लिहिताना कोणतं टाळायचं आणि आजारपणात मात्रा केव्हा थांबवून विचारायचं, याची वेगळी, ठळक सूचना हवी.

निधी देणाऱ्यांकडे एवढंच मागते, की जुनाट आजार आणि ओव्हरडोस यांच्या सांध्यावरच्या संशोधनासाठी वेगळा वाटा राखून ठेवा, आणि अग्रक्रम ठरवणाऱ्या समितीत अशा रुग्णांना व त्यांची काळजी घेणाऱ्यांना बसवा. मत द्यायचा अधिकार देऊन बसवा, नुसतं ऐकायला नको.

या पत्राचं उत्तर जाहीर द्यावं अशी विनंती आहे. कोणती मागणी मान्य, कोणती अमान्य आणि अमान्य असेल तर का, हे तिन्ही त्यात असावं. दादांच्या तपासण्यांचे, औषधांचे आणि त्या रात्रीचे सगळे कागद मी जपून ठेवले आहेत. संशोधनाला उपयोगी पडणार असतील तर द्यायची आमची तयारी आहे. आणि चाचणीचे निकष बदललेत, किडनीच्या रुग्णांना आत घेतलंत, तर दादांनी सांगून ठेवलं आहे की त्यांचं नाव यादीत लिहा.

आपली,
एका रुग्णाची बहीण